पाखराचा साक्षीदार



इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्फक परगण्यात क्लाय नावाचे एक लहान गाव आहे. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये दलदल, आणि तिच्या कडेने मातीचा बांध. ३१ ऑक्टोबर १८९६ रोजी या बांधावरच्या गवतात एडवर्ड रॅम नावाच्या स्थानिक शिकाऱ्याने एक चिमुकला पक्षी मारला. वजन असेल पाचसहा ग्रॅम. डोक्यावर पिवळी रेघ, पाठीच्या टोकाशी पिवळा पट्टा. हा पालासचा वटवट्या. थंडीत आपल्या झाडांतून हिंडणारे छोटे वटवटे याचेच भाऊबंद. याचे घर सायबेरियात. हिवाळ्यात त्याने जायचे दक्षिण चीनकडे, आणि हा निघाला नेमका उलट्या वाटेने. ब्रिटनमधली ही त्याची पहिली नोंद.

गावात हेन्री पॅशली हा पक्ष्यांत पेंढा भरणारा कारागीर होता. रॅमसारखे लोक पक्षी त्याच्याकडे आणीत, आणि तिथून ते हौशी धनिकांच्या काचेच्या कपाटांत जात. त्या काळचा न्याय सरळ होता: गोळी लागली तर नोंद, निसटला तर अफवा. गरिबाने नुसते 'पाहिले' म्हटले तर कोण मानणार? कामगार न्यायालयात मी अनेक वर्षे हेच पाहत आलो आहे. मुकादमाच्या वहीला पुरावा म्हणतात आणि कामगाराच्या तोंडाला तक्रार.

दीपगृहांचे रखवालदार हे दुसरे साक्षीदार. शरद ऋतूतल्या काळोख्या, धुक्याच्या रात्री पक्षी दिव्याकडे ओढले जातात, काचेवर आपटून मरतात. १८८०पासून काही वर्षे विद्वानांची एक समिती या रखवालदारांकडून छापील तक्ते भरून घेत होती. आयर्लंडात रिचर्ड बॅरिंग्टनने त्यांच्याकडून मेलेल्या पक्ष्याचा एक पंख व एक पाय चिठ्ठी बांधून मागवला आणि त्यावर १९०० साली जाडजूड ग्रंथ काढला. रात्रपाळी करून वर ही बिनपगारी कारकुनी! त्यांनी ती केली, आणि नेटकी केली.

परंतु जिथे मुडदा हाच पुरावा, तिथे मुडद्याला भाव येतो, आणि भाव आला की खोटा मालही येतो. दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्जच्या आसपास १८९२ ते १९३० या काळात दुर्मिळ पक्ष्यांचा नुसता पाऊस पडला. बरेचसे पक्षी जॉर्ज ब्रिस्टो या पेंढा भरणाऱ्याच्या दुकानातून पुढे आले. १९१६ साली संशय उघडपणे पुढे आला. ब्रिस्टोने आरोप नाकारला. पुढे जॉन नेल्डर या संख्याशास्त्रज्ञाने या टापूचे आकडे शेजारच्या टापूशी आणि नंतरच्या वर्षांशी ताडून पाहिले; मेळ बसेना. ऑगस्ट १९६२मध्ये 'ब्रिटिश बर्ड्स' मासिकाने शेकडो नोंदी रद्द केल्या. ब्रिस्टो १९४७ सालीच वारला होता. आकडे मला पटतात. पण बोट रोखले गेले ते मेलेल्या दुकानदारावर. पैसे मोजून 'दुर्मिळ' मागणारे सभ्य गृहस्थ मात्र फसवले गेलेले बिचारे ठरले. गिऱ्हाइकावाचून बाजार भरतो काय?

मग पुरावा कसला मानायचा? १९५४च्या कायद्याने पक्ष्यांना व्यापक संरक्षण दिले, आणि १९५९ साली दहा जाणकारांची समिती बसली. पाहणाऱ्याने रंग, आकार, आवाज, उजेड, अंतर हे सारे जागच्या जागी लिहायचे आणि समितीने ते पारखायचे. मेलेला पक्षी लागेना. नीट लिहिलेला शब्द पुरेसा झाला.

पालासचा वटवट्या ब्रिटनमध्ये दुसऱ्यांदा नोंदला गेला तो १९५१ साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी, नॉर्दम्बरलंडच्या किनाऱ्यावर. आता तो शरदाच्या अखेरीस इतक्या वेळा दिसतो की समितीने त्याच्या नोंदी तपासणेच सोडून दिले आहे. पूर्वेचा वारा सुटला की क्लायच्या बांधावर आजही माणसे दुर्बिणी घेऊन उभी राहतात.