गॅपस्टोचा पूल आणि आपला सिंकिंग फंड

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, ५९व्या रस्त्याच्या बाजूला, आग्नेय कोपऱ्यात एक तळे आहे. रस्त्यापेक्षा ते खाली असल्यामुळे गाड्यांचा गोंगाट तिथे कमी जाणवतो. या तळ्याच्या अरुंद भागावर एक कमानदार पूल आहे, गॅपस्टो ब्रिज. मुलीकडे गेलो होतो तेव्हा सकाळच्या फेरीत तो मी निवांत पाहिला. वेलींनी वेढलेला दगडी पूल आणि मागे गगनचुंबी इमारती. वाटते, पार्क झाले तेव्हापासूनच हा इथे असणार.

पण तसे नाही. ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स यांचा पार्कचा आराखडा १८५८ साली निवडला गेला. इथला पहिला पूल १८७४ चा. जेकब रे मोल्ड या वास्तुविशारदाने तो लाकडात केला, त्याला बिडाचे नक्षीदार कठडे लावले. दिसायला देखणाच! पण खाली पाणी, वर ऊन, पाऊस, बर्फ आणि माणसांची वर्दळ. लाकूड किती टिकणार? अवघ्या २२ वर्षांत, १८९६ साली, त्याच्या जागी आजचा पूल आला. हॉवर्ड आणि कॉडवेल यांनी तो मॅनहॅटनच्याच शिस्ट खडकात बांधला. लांबी ७६ फूट, उंची १२ फूट. नक्षी जवळजवळ नाही, पण सव्वाशे वर्षे उलटली तरी उभा आहे.

मात्र नुसता दगडही पुरत नाही. १९७० च्या दशकात महापालिकेची तिजोरी रिकामी झाली आणि सगळ्या पार्कचीच रया गेली. १९८० मध्ये नागरिकांच्या पुढाकाराने सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही संस्था स्थापन झाली. लोकांनी देणग्या दिल्या, स्वयंसेवक आले. आजही देखभाल तीच संस्था बघते.

माझा जन्म गेला बँकेत, म्हणून हिशेबाचे बोलतो. आपल्या इमारतीला २५ वर्षे झाली. त्या देखण्या लाकडी पुलापेक्षा ३ जास्तच! आपले बांधकाम काँक्रीटचे आहे हे खरे, पण गच्चीतून पाणी मुरले की आतली सळई गंजतेच. म्हणून तर उपविधींत सिंकिंग फंड आहे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट आहे. वार्षिक सभेत हा विषय निघाला, की "पुढच्या वर्षी बघू" असे म्हणून आपण चहाकडे वळतो. यंदा तसे नको. लॉबीला नवा रंग जरूर देऊ, पण आधी गच्ची आणि पिलर बघू.

सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका आपली नातवंडे काढतील. ती याच इमारतीत बसून काढोत, ही सदिच्छा!