चाकबेडी आणि कोंडवाड्याचा न्याय

परक्याचें जनावर शेतांत शिरलें तर शेतकऱ्यानें काय करावें, याचें उत्तर महाराष्ट्रांतील कोणताहि खेडूत एका शब्दांत देईल: कोंडवाडा. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयींच्या कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानांत ही वहिवाट एका चौकटींत बसविली. पिकाची नासाडी करणारें जनावर शेतकऱ्यानें धरावें, पण चोवीस तासांच्या आंत तें सरकारी कोंडवाड्याकडे धाडावें. आणि धन्यानें ठरलेला दंड व वैरणीचा खर्च भरून तें सोडवून न्यावें, असा तो क्रम. यांतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. धरणारा एक, कोंडणारा दुसरा, आणि दंडाचा आंकडा ठरविणारा तिसरा. ज्याचें नुकसान झालें त्याच्या रागाला कायद्यानें वाट करून दिली, परंतु त्याच्या हातीं तराजू दिला नाहीं. पुढें इंग्लंडांत गुराच्या जागीं मोटार आली, तेव्हां नेमकें हें मर्म दृष्टीआड झालें. आणि तें पुन्हां हस्तगत करण्यास तेथील न्यायासनांना व पार्लमेंटाला वीस वर्षें खर्चावीं लागलीं.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यांतहि, आपल्या जमिनींत शिरून नुकसान करणारी परकी वस्तु भरपाई मिळेपर्यंत अडवून ठेवण्याचा हक्क जमीनमालकाला होता. परंतु त्याला पहिल्यापासून लगाम होते. १२६७ च्या मार्लबरोच्या कायद्यानें असा अडकाव बेसुमार असूं नये असें बजावलें. धरलेलें जनावर कामाला जुंपण्याची मुभा नव्हती. शिवाय धन्याला जामीन देऊन आपली वस्तु ताबडतोब सोडवून घेतां येई, आणि खरेंखोटें मागाहून न्यायालयांत ठरे. हा हक्क केवळ गुरांपुरता राहिला नाहीं. १८५३ सालीं एका रेल्वे कंपनीनें आपल्या रुळांवर विनापरवाना आलेलें दुसऱ्या कंपनीचें इंजिनच धरून ठेवलें, आणि न्यायालयानें तें योग्य ठरविलें! १९७१ सालीं गुरांपुरता हा जुना हक्क रद्द होऊन त्याच्या जागीं नवा कायदा आला; निर्जीव वस्तूंच्या बाबतींत मात्र जुनाच नियम मागें उरला.

मोटारीच्या चाकाला घालावयाची बेडी, जिला आपल्याकडील शहरांत ‘जॅमर’ म्हणतात, ती अमेरिकेंतील डेन्व्हर शहरांत जन्माला आली. तिचा जनक फ्रँक मारुग हा सांचे घडविणारा कारागीर, आणि शिवाय त्या शहराच्या वाद्यवृंदांतील व्हायोलिनवादक! दंड न भरणाऱ्यांना वठणीवर आणण्यासाठीं डेन्व्हरच्या पोलिसांनीं १९५५ पासून ती वापरण्यास आरंभ केला. १९८३ सालीं लंडनच्या पोलिसांनीं ती आपल्या रस्त्यांवर आणली. येथपर्यंत बेडी सरकारच्या हातांत होती व तिच्या पाठीशीं कायदा होता. परंतु १९८० च्या दशकाच्या अखेरीस खासगी मंडळ्यांनीं ती उचलली. दुकानामागचें आवार किंवा कचेरीचें अंगण, अशा जागीं पाटी लावावयाची, परकी मोटार दिसतांच बेडी ठोकावयाची, आणि जागच्या जागीं रक्कम वसूल केल्यावांचून ती काढावयाची नाहीं, असा हा धंदा. जमीनमालकाची तक्रार पुष्कळदां खरी असे. स्वतःच्याच दारांत स्वतःची गाडी उभी करावयास जागा नसावी, हा जाच लहान नव्हे. परंतु येथें फिर्यादी, न्यायाधीश आणि बेलीफ हे तिघेहि एकाच अंगरख्यांत वावरूं लागले.

पहिला रोखठोक निकाल स्कॉटलंडनें दिला. तेथील सर्वोच्च फौजदारी न्यायालयानें १९९२ सालीं असें ठरविलें कीं, पाटी लावलेली असली तरी दुसऱ्याची मोटार जखडून पैसे मागणें ही खंडणी होय; आणि धन्याला त्याच्या वस्तूच्या उपभोगापासून असें वंचित करणें ही चोरीच होय. येणें असलें तरी तें वसूल करण्याचा मार्ग न्यायालयांतून जातो, ओलीस धरण्यांतून नव्हे. तेव्हांपासून स्कॉटलंडांत हा धंदा संपला.

इंग्लंडनें निराळी वाट धरली. ट्रुरो गांवांतील एका खासगी आवारांत पाटी वाचूनहि मोटार उभी करणाऱ्या गृहस्थाचा खटला १९९५ सालीं अपील न्यायालयापुढें आला. त्यानें रात्रीं येऊन आपली मोटार तर नेलीच, पण दोन बेड्याहि बरोबर नेल्या होत्या! सर टॉमस बिंगहॅम यांनीं निकाल दिला कीं, प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न झाल्यामुळें गुरांचा तो जुना नियम येथें लागू पडत नाहीं; तथापि पाटी वाचून जो गाडी उभी करतो तो बेडीलाहि संमति देतो. या संमतीला त्यांनीं मर्यादा घातल्या. रक्कम वाजवी असावी. पैसे पुढें करतांच विलंब न लावतां गाडी सोडावी. आणि धन्याला पैसे भरण्याची तयारी कळविण्याची सोय असावी.

निकाल समतोल होता, पण त्याचा सारा भार ‘संमति’ या एका शब्दावर होता. तो शब्द किती ठिसूळ आहे हें २००० सालच्या वॉल्थम फॉरेस्टच्या खटल्यांत दिसून आलें. इस्पितळांतून परतणाऱ्या एका बाईला वाटेंत एकाएकीं बरें वाटेनासें झालें, म्हणून तिनें गाडी बाजूला घेतली. थोड्या वेळानें येऊन पाहते तों चाकाला बेडी! सुटकेसाठीं तिला १०५ पौंड मोजावे लागले. पाटी तिच्या नजरेस पडलीच नव्हती. न्यायालय म्हणालें, जी पाटी पाहिली नाहीं तिला संमति कसली? पण हा निवाडा अपील न्यायालयापर्यंत गेला तेव्हां मिळाला. रात्रीं आडरस्त्याला मुलांबाळांसह अडकलेल्या माणसाला न्यायालयाचें दार किती दूर! आधीं पैसे भरावे आणि मग भांडावें, हाच त्याच्यापुढें मार्ग. जामीन देऊन गुरूं सोडविणाऱ्या मध्ययुगीन शेतकऱ्याची स्थिति याहून बरी होती.

२००१ च्या कायद्यान्वयें बेडी घालणारांना परवाने घेण्याची सक्ति झाली. तेवढ्यानें भागलें नाहीं, आणि १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड व वेल्समध्यें, कायद्याचा अधिकार नसतांना खासगी जागेंत मोटार जखडणें हा गुन्हा ठरला. धन्याची उघड किंवा गृहीत धरलेली संमति म्हणजे असा अधिकार नव्हे, हेंहि कायद्यानें स्पष्ट सांगितलें. म्हणजे ट्रुरोच्या निकालाचा पायाच काढून घेतला. एक अपवाद मात्र ठेवला: पूर्वींपासून उभ्या असलेल्या अडसरानें वाट रोखली गेली, तर तो गुन्हा नव्हे.

मग जमीनमालकानें हात चोळीत बसावें काय? तसेंहि नाहीं. त्याच कायद्यानें, ठराविक अटी पाळल्यास, चालकाचें नांव कळलें नाहीं तरी मोटार ज्याच्या नांवावर नोंदलेली आहे त्याच्याकडून आकार मागण्याची सोय करून दिली. चेम्सफर्ड येथें दोन तासांच्या मोफत मुदतीपेक्षां ५६ मिनिटें अधिक थांबलेल्या एका गृहस्थाला ८५ पौंडांची मागणी आली. ती अवाजवी नाहीं असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं ठरविलें. कित्येकांना तो आंकडा जबर वाटला. परंतु या गृहस्थाला मोटार हाताशीं ठेवून, तीन न्यायासनांपुढें, एक पैसा देण्यापूर्वीं भांडतां आलें; वॉल्थम फॉरेस्टच्या बाईला तें भाग्य लाभलें नव्हतें.

या साऱ्या इतिहासांत मोटारवाला निर्दोष होता असें कोणीं म्हटलेलें नाहीं. परक्याच्या अंगणांत गाडी घुसविणें हें अतिक्रमणच. प्रश्न एवढाच होता कीं, अतिक्रमणाची किंमत कोणीं ठरवावी. किल्ली आणि तराजू एकाच हातीं असूं नयेत, हें उत्तर गांवच्या कोंडवाड्यानें केव्हांच देऊन ठेवलें होतें.