मुंबईच्या पर्सिस खंबाटा आणि 'स्टार ट्रेक'चे रुसलेले चाहते

१/ ७ डिसेंबर १९७९. 'स्टार ट्रेक' ही विज्ञानमालिका बंद पडून दहा वर्षे लोटल्यावर तिच्यावरील पहिला चित्रपट अमेरिकेत झळकला. त्यातील परग्रहवासी इलियाच्या भूमिकेसाठी १९६५च्या 'मिस इंडिया', मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी चक्क मुंडन केले होते.

२/ या चित्रपटामागे चाहत्यांची चिकाटी होती. मालिका वाचावी म्हणून १९६८ मध्ये त्यांनी वाहिनीवर पत्रांचा वर्षाव केला होता. पुढे पुनःप्रक्षेपणांतून हा चाहतावर्ग वाढतच गेला.

३/ साहजिकच चित्रपटगृहांत गर्दी लोटली. तरीही अनेकांचा विरस झाला. यानाची लांबलचक दृश्ये होती, पण कर्क, स्पॉक आणि मॅकॉय यांच्यातील जिव्हाळ्याची जुगलबंदी हरवली होती.

४/ निर्मात्यांनी बोध घेतला. १९८२चा 'द रॅथ ऑफ खान' बऱ्याच कमी खर्चात झाला. स्पॉक मरणार ही बातमी आधीच फुटली आणि चाहते खवळले. तेव्हा आरंभीच त्याचा लुटुपुटूचा मृत्यू दाखवून प्रेक्षकांना चकवण्यात आले. शेवटी तो खरोखरच मरतो. पण चाचणी-प्रयोगातील खिन्न प्रेक्षक पाहून अखेरीस आशेचा किरण जोडला गेला.

५/ ज्यांनी मालिका जगवली, त्यांनीच चित्रपटाला खडे बोल सुनावले. 'स्टार ट्रेक' टिकली ती या दोन्हींमुळे.