श्वास अडण्याआधीचे 96 तास

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकापाठोपाठ एक सापडले आणि या दुर्मीळ आजाराचं नाव कोल्हापुरातही घरोघरी पोचलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती हातापायांच्या आणि श्वासाच्या नसांवरच उलटते. पुढचा घटनाक्रम कुणा एका रुग्णाचा नाही. आजार झपाट्यानं चढला, तर चंदगडसारख्या लांबच्या तालुक्यात काय घडू शकतं, ते यात मांडलं आहे.

दोन आठवडे आधी. जुलाब, ताप. दोन-तीन दिवसांत बरं वाटतं. पण कॅम्पायलोबॅक्टर या जंतूवरचे काही रेणू नसांवरच्या रेणूंसारखे असतात. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं आता नसांवर चालून जातात.

96 तास उरले. सोमवार, पहाटे 6. दोन्ही पायांना मुंग्या, कंबरेत कळ. “वाकून काम झालंय, त्यानं असंल.”

72 तास उरले. मंगळवार, पहाटे 6. चप्पल पायातून निसटते. उकिडवं बसलं की आधाराशिवाय उठवत नाही. “पायात बळच नाही बघा.” गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय उडत नाही, हे मिनिटभरात कळलं असतं. पण अशक्तपणा समजून सलाईन लावलं जातं.

48 तास उरले. बुधवार, पहाटे 6. शर्टाचं बटण लागत नाही. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय शंभरेक किलोमीटरवर. “उद्या बघू.”

24 तास उरले. गुरुवार, पहाटे 6. उशीवरून मान उचलत नाही, पाणी पिताना ठसका लागतो. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर मात्र 97 दाखवतो आणि घरचे निर्धास्त होतात. घात होतो तो इथंच. श्वासाचे स्नायू थकत चालले, तरी हा आकडा शेवटपर्यंत चांगला राहू शकतो. त्यापेक्षा रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला लावावेत. 20 च्या आत दम तुटला, तर क्षणभरही थांबू नये.

6 तास उरले. रात्री 12. मोजणी 12 वर तुटते. बोलताना दोन शब्दांमागं श्वास घ्यावा लागतो. रक्तदाब वर-खाली. आता 108 ला फोन.

शून्य. शुक्रवार, पहाटे 6. स्वतःचा श्वास पुरत नाही. घशात नळी, व्हेंटिलेटर. अँब्युलन्स अजून घाटातच असती, तर ही संधीही मिळाली नसती.

या आजारावर उपचार आहेत. पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन देतात किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलतात. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेल्या उपचारांचा गुण सर्वांत चांगला येतो, आणि बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात. म्हणून दोन्ही पायांचं बळ दिवसागणिक कमी होत असेल, तर अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय रुग्णाला चालता येतंय तोवरच गाठा.