कुळाचा खातेउतारा

चाळिशी आली की डोळ्यांना चाळिशी लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच सुमारास मनालाही एक चाळिशी लागते, हे डोळ्यांचे डॉक्टर सांगत नाहीत. पहिल्या चाळिशीने जवळचे दिसू लागते, दुसरीने फार लांबचे. इतके लांबचे, की परवापर्यंत सख्ख्या मावसभावाचा फोन न उचलणारा माणूस एकाएकी ‘आमचे खापरपणजोबा मूळचे कुठले हो?’ असे विचारीत सुटतो.

माझा पूर्वजांशी संबंध खरे म्हणजे पोटापाण्याचा. आमच्या गिरगावातल्या शाखेत मी मृत खातेदारांच्या दाव्यांच्या टेबलावर बसतो. जिवंत खातेदारांची टेबले वेगळी असतात. ते फार बोलतात. माझ्याकडे येतात ते वारस. कुणी मृत्यूचा दाखला आणतो, कुणी स्टॅम्पपेपरवर वंशावळीचे प्रतिज्ञापत्र. ज्यांनी काकाला हयातीत कधी ओळख दिली नाही, ती मंडळी काकाच्या तीन पिढ्या माझ्यापुढे रामरक्षेसारख्या घडाघडा म्हणतात. खात्यात शिल्लक असली की वंशवृक्षाला पालवी फुटते, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये म्हणतात. बँकेच्या क्लार्कबद्दल या म्हणीत काहीच म्हटलेले नाही. म्हणून मी शोधायला निघालो.

निमित्त झाले आमच्या दादरच्या बिल्डिंगमधल्या अण्णांचे. अण्णांकडे त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. विसाव्या शतकात गोखले, पेंडसे, आपटे अशा कितीतरी कोकणस्थ घराण्यांनी हे जाडजूड ग्रंथ काढले. गोत्र, मूळ गाव, पहिला ज्ञात पुरुष, आणि मग शाखा, उपशाखा, पिढ्या. कोण कुठे शिकला, कुणाला कुठली नोकरी लागली, बायकोचे माहेर कुठले, सगळे त्यात असते. अण्णा तो ग्रंथ पोथीसारखा उघडतात आणि ‘हा मी’ म्हणून एका ओळीवर बोट ठेवतात. परवा त्यांनी बोट ठेवल्या ठेवल्याच विचारले, “तुमचा कुलवृत्तांत कुणाकडे असतो हो?”

मी म्हटले, “आमच्या घराण्याची नोंद पासबुकात असते.”

अण्णा हसले, पण ते हसणे मला लागले.

अण्णांचा मुलगा अमेरिकेत असतो. तो सांगतो, हे वेड तिकडे आपल्यापेक्षा भारी. १६२० साली मेफ्लॉवर नावाच्या जहाजातून १०२ उतारू तिथे जाऊन पोचले. त्यांच्या वंशजांची एक संस्था १८९७ पासून आहे. तिचे सभासद व्हायचे तर प्रत्येक पिढीचा कागद दाखवून त्या जहाजापर्यंत पोचावे लागते. म्हणजे आमच्या बँकेत खाते उघडण्यासारखेच, फक्त चारशे वर्षांचे. त्यातल्या त्यात त्यांना एक सोय आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू नोंदवण्याचा हुकूम १६३९ सालीच निघाला होता. तेव्हा आमची मुंबई पोर्तुगीजांकडे होती. १६६१ च्या तहात तिला इंग्लंडच्या राजाला आंदण मिळायला अजून बावीस वर्षे होती. आणि जिथे तसली नोंद सापडत नाही, तिथे ते लोक मृत्युपत्रे, जमिनीची वाटपे आणि कोर्टातले खटले धुंडाळतात. त्या जहाजातल्या लोकांची यादी ब्रॅडफर्ड नावाच्या त्यांच्यातल्याच एका पुढाऱ्याने लिहून ठेवली आहे. यादी मोठी चोख. पण कित्येक पुरुषांच्या नावापुढे नुसतेच ‘आणि त्याची बायको’. एवढा समुद्र ओलांडून आलेल्या बाईला स्वतःचे नाव आणायला परवानगी नसावी.

मला वाटले, हे साहेबाचे चाळे. आपल्याकडे पाहावे.

आपल्याकडे कागद उदंड. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांमागून रुमाल बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्यातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात छापले, तर ४५ खंड भरले. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे उतरवली. पण हे कागद लिहिले कशासाठी गेले, हे मी पाहू लागलो आणि मला माझ्या टेबलाचीच आठवण झाली. कुणाचा वतनाचा तंटा. कुणाचे कर्ज. कुणाच्या भावाने शेताचा बांध सरकवला. कुणाचे इनाम सरकारने अडवले. इंग्रजांनी १८५२ साली कायदा करून इनाम कमिशनच्या हाती अधिकार दिले आणि इनामदारांना विचारले, ‘हे तुम्हांला कुणी दिले? तुम्ही त्याचे कोण? पुरावा?’ झाले! घरोघरच्या पेट्या उघडल्या, सनदा बाहेर आल्या, वंशावळी लिहून निघाल्या. इनाम जाण्याची वेळ आल्यावर लोकांना आजोबा आठवले. खात्यात शिल्लक असली की पालवी फुटते, ते असे.

राजांचेही तेच. तंजावरच्या सरफोजीराजांनी १७९९ साली तह करून राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला. आणि १८०३ साली तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. राज्य हातात असेपर्यंत वंशावळ लिहायला सवड कुणाला असते? राज्य कागदावर गेले तेव्हा त्यांनी वंश दगडावर घातला. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. निवृत्त झालेला माणूस जुनी प्रशस्तिपत्रके फ्रेम करून लावतो, त्यातलाच हा मोठ्या माणसाचा प्रकार.

आमच्या घराण्याला राज्य नव्हते, इनाम नव्हते, आणि बांध सरकवायला शेतही बेताचेच. तरीही संगमेश्वराकडच्या आमच्या घराच्या माळ्यावर एक कागद निघाला. मोडीत लिहिलेला. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतून गेली, आणि तिच्याबरोबर लोकांचे आजोबाही वाचता येईनासे झाले. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक असा भाव आला, की आमच्या गृहस्थांनी तीन रविवार फिरवून चौथ्या रविवारी वेळ दिला. भिंगातून पाहत ते म्हणाले, “खत आहे. धोंडू बिन राघो. शके १८१५. कर्ज रुपये चाळीस.”

शके १८१५ म्हणजे इसवी १८९३. हा आमचा खापरपणजोबा. त्याची माझी पहिली भेट अशी थकबाकीदार म्हणून झाली. व्याज दर महा दर शेकडा दोन रुपये, म्हणजे वर्षाला चोवीस. तारण एक बैल. खाली सही नाही, नांगराची निशाणी. माझ्यातला बँकवाला लगेच म्हणाला, याला मी कर्ज दिले नसते.

पण मोडीवाले गृहस्थ भिंग खाली ठेवून म्हणाले, “धोंडू नाव आहे, म्हणजे याच्या आधीची गेलेली असणार.”

मी म्हटले, “कोण गेलेली?”

“मुलं हो. एकामागून एक मुलं जाऊ लागली, की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, भिकू असं ठेवायचे. दगडाला कोण नेतो?”

चाळीस रुपयांचे ते खत मी पुन्हा हातात घेतले. त्यात आमच्या घराण्याचा एवढाच इतिहास लिहिलेला होता: एक बैल, एक कर्ज, आणि ज्यांची नावे कुठेच नाहीत अशी काही मुले.

त्या गृहस्थांनीच मला ‘बिन’चा अर्थ सांगितला. बिन किंवा वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. आणि बायको असली तर ‘कोम’ अमका. बिन, वलद आणि कोम या तीन शब्दांवर आपल्या जुन्या कागदांचा प्रपंच चालतो. त्यातही कोमची गाठ पडते ती बहुधा नवरा गेल्यावर आणि दिराने जमीन बळकावल्यावर. नांदणाऱ्या बाईला कागद ओळखत नाही. जुनी वंशावळ पाहावी, तर राघोचा धोंडू, धोंडूचा राघो, राघोचा पुन्हा धोंडू. पुरुषांतून पुरुष निघत गेले, मध्ये बाईमाणूस आलेच नाही, असा कुणाही परक्याचा समज व्हावा.

धोंडूचा नातू, म्हणजे माझा आजोबा, बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरला आणि परळच्या एका गिरणीत लागला. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली, ती १८५६ मध्ये सुरू झाली. तिथपासून परळ-लालबागला जी माणसे आली, त्यांत रत्नागिरीची फार. आधी आलेल्याने गाववाल्याला आणायचे, मुकादमाच्या पायावर घालायचे, बदलीत चिकटवायचे. गिरणीत नाव मागे पडे, तिकीट नंबर पुढे. आजोबांच्या जागी पुढे काका लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. काकांची गिरणी त्यानंतर त्यांना आत घेण्यासाठी उघडली नाही.

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरे निघाली. २०१२ साली म्हाडाने ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. अट अशी, की कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर गिरणीच्या पटावर हवा. कामगार नसला तर वारस चालेल. पुरावा हवा. इनाम कमिशनने पेशवाईतल्या सरदारांच्या वंशजांना जे विचारले, तेच दीडशे वर्षांनी लालबागच्या चाळीत माझ्या चुलतभावाला विचारले गेले: ‘तुम्ही त्याचे कोण?’

मग लालबागला आत्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत आमचे इतिहास संशोधक मंडळ बसले. चुलतभाऊ, मी, आणि माळ्यावर चढवलेला त्याचा मुलगा. ट्रंका उतरल्या. सत्यनारायणाचे फोटो निघाले, केरोसिनचे कार्ड निघाले, काकांच्या भजनी मंडळाची टाळांची जोडी निघाली. तिकीट नंबर निघेना. आत्या खालून म्हणाली, “तो हंडा काढ रे.” पितळेचा हंडा निघाला, काळाठिक्कर. चिंच लावून घासल्यावर त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले अक्षर वर आले. आजीचे पूर्ण नाव, साल १९५६, आणि खाली ‘बोनसचा’.

आत्या म्हणाली, “हा घे पुरावा. गिरणीत नव्हता तर बोनस काय सरकारनं दिला?”

युक्तिवाद बिनतोड होता. पण ग्राह्य कागदपत्रांच्या यादीत हंडा बसत नव्हता. शिवाय १९५६ चा बोनस आजोबांचा, हवा होता काकांचा पट. शेवटी फडताळात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली काकांची प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप सापडली. अर्ज गेला. सोडतीत नंबर अजून लागायचा आहे.

मी मात्र त्या हंड्यावरच अडकलो. आमच्या घराण्यातल्या बाईचे नाव मी पहिल्यांदाच लिहिलेले पाहत होतो. आणि माझ्या लक्षात आले, की आपल्या बायकांचे दप्तर हेच. लग्नातल्या भांड्यांवर नाव, आहेराच्या ताटावर नाव, तांब्यावर नाव. स्टीलचे दिवस आले तशी ही तांब्यापितळेची दप्तरे घरोघरच्या माळ्यांवरून उतरली आणि वजनावर गेली. पुरुषांची नावे मोडीत राहिली. बायकांची मोडीत निघाली.

तेव्हापासून मी शंभर पानी वहीत आमचा कुलवृत्तांत लिहायला घेतला आहे. नियम एकच, नावासमोर नाव. बँकेत जॉइंट खाते असते तसे. बापापर्यंत सोपे गेले. आजीपाशी दोन नावे निघाली, एक माहेरचे आणि एक लग्नात बदललेले. आमच्या टेबलावर असल्या बाईचा दावा हमखास परत जातो. मी दोन्ही लिहिली. पणजीचे आत्याने सांगितले. मग मी विचारले, “आणि धोंडूच्या बायकोचं?”

आत्या पुष्कळ वेळ आठवत राहिली. म्हणाली, “आजी तिच्याबद्दल लई सांगायची. हाताला मोठा गुण होता तिच्या. पण नाव... सगळी तिला आये म्हणायची रे. नाव घ्यायची पाळी कुणावर आलीच नाही.”

आमच्या धंद्यात फॉर्मवर जागा रिकामी सोडत नाहीत. माहिती नसेल तिथे ‘निरंक’ लिहायचे, नाहीतर आडवी रेघ मारायची. म्हणजे मागाहून कुणाला त्यात काही घुसडता येत नाही. वहीत धोंडू बिन राघो यांच्या समोरची जागा मात्र मी तशीच ठेवली आहे. घुसडले कुणी काही, तर बरेच आहे.