नोंदलेले नाव आणि उच्चारलेले नाव : महायुद्धांतील मराठी मृत सैनिकांच्या शोधाविषयी काही विचार

१

डिसेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंड याच्या सहाव्या डिव्हिजनला तुर्की सैन्याचा वेढा पडला. वेढ्यात सापडलेल्या सैन्यात १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या पलटणींचे शिपाई होते. २९ एप्रिल १९१६ रोजी हे सैन्य शरण गेले. सुमारे १३ हजार लोक बंदी झाले आणि त्यांतील पुष्कळसे कैदेतच मरण पावले. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मृत्यू पावलेल्या, परंतु ज्यांच्या कबरी वा दहनस्थाने ज्ञात नाहीत अशा ४० हजार ५०० हून अधिक व्यक्तींचे स्मारक १९२९ मध्ये बसरा येथे उभारण्यात आले. या स्मारकाच्या भिंतींवर भारतीय अधिकाऱ्यांची नावे आहेत. सामान्य भारतीय शिपायांविषयी मात्र केवळ पलटणीचे नाव व मृतांचा आकडा कोरलेला आहे.

हा भेद अपरिहार्य होता असे म्हणता येत नाही. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे १९२७ मध्ये त्याच संस्थेने उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत. युरोपात पडलेल्या शिपायाला नाव मिळाले. बसऱ्यास त्याच्याच सेनेतील शिपायाच्या वाट्याला आकडा आला. महाराष्ट्रातील काही गावांत महायुद्धावर गेलेल्यांच्या स्मरणार्थ जे संगमरवरी शिलालेख बसविलेले आढळतात, त्यांवरही बहुधा किती माणसे गेली व किती परतली नाहीत एवढेच नमूद असते. अशा स्थितीत शिपायाच्या नावाचा शोध हा केवळ कौटुंबिक जिज्ञासेचा विषय राहत नाही. तो इतिहासाच्या साधनांचा प्रश्न होतो.

२

या मृतांची नोंद ठेवणारी मुख्य संस्था म्हणजे १९१७ मध्ये राजसनदेने स्थापन झालेले इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन होय. १९६० पासून ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या नावाने ओळखली जाते. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ हा काळ तिने ग्राह्य धरला आहे. सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदींचा तिचा डेटाबेस १९९८ पासून इंटरनेटवर सर्वांस खुला आहे. बसऱ्याच्या भिंतीवर ज्यांना केवळ आकड्याचे स्थान मिळाले, त्यांपैकी असंख्य शिपायांची नावे, हुद्दे, क्रमांक व मृत्युदिनांक या संग्रहात पाहावयास मिळतात. कित्येक नोंदींत पित्याचे नाव, गाव, तालुका व जिल्हाही दिलेला असतो. सातारा, रत्नागिरी किंवा कुलाबा जिल्ह्यातील एखाद्या खेड्याचा महायुद्धाशी आलेला संबंध दाखविणारे एवढे सुलभ साधन पूर्वीच्या अभ्यासकांस उपलब्ध नव्हते.

तथापि साधन सुलभ झाले म्हणजे ते निर्दोष झाले असे नव्हे. नाव टाइप करावे, शोध घ्यावा आणि उत्तर न आल्यास ‘नोंद नाही’ असा निष्कर्ष काढावा, ही पद्धती अनेक ठिकाणी रूढ होत आहे. ‘नोंद सापडली नाही’ आणि ‘नोंद नाही’ ही दोन अगदी भिन्न विधाने आहेत. त्यांतील अंतराचे कारण पुष्कळदा युद्धाच्या इतिहासात नसून लिपीच्या इतिहासात असते.

३

मराठी शिपायाचे नाव प्रथम तोंडी उच्चारले गेले. मग ते कारकुनाने ऐकले, रोमन अक्षरांत उतरविले, पुढे नोंदवहीत छापले गेले आणि शेवटी संगणकावर घेतले गेले. यांतील प्रत्येक पायरीवर नावाचा काही अंश गळतो. रोमन लेखनात ‘ट’ आणि ‘त’, ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांना वेगळी चिन्हे नाहीत. स्वरांचे ऱ्हस्व-दीर्घत्वही दाखविले जात नाही. त्यामुळे काळे व काले ही भिन्न आडनावे एकरूप होतात. उलटपक्षी एकच नाव अनेक रूपे धारण करते : सावंतमधील ‘व’ कधी व्ही या अक्षराने, तर कधी डब्ल्यूने लिहिला जातो.

महाप्राण व्यंजनांची स्थिती याहून नाजूक आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनियो नदीकाठी गाजविलेल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नामदेव जाधव काही इंग्रजी नोंदींत ‘जादव’ झाले आहेत. ‘ध’ दर्शविणारे एच हे अक्षर तेथे नाही. नामदेव जाधव युद्धातून सुखरूप परतले आणि कीर्तिमान झाले, म्हणून ही चूक सहज ओळखता येते. हेच लोपलेले अक्षर एखाद्या अज्ञात मृत शिपायाच्या नावात असेल, तर त्याच्या वंशजास तो सापडणार नाही.

१० जुलै १९४४ रोजी इटलीतच धारातीर्थी पडलेले यशवंत घाडगे यांचे नाव रोमन लेखनात ‘येश्वंत’ असे आरंभते. येथे मात्र कारकुनाची चूक झाली असे म्हणता येत नाही. ‘य’ नंतरचा ‘अ’ मराठी बोलण्यात पुष्कळदा ‘ए’ कडे झुकतो; लिहिणाऱ्याने कानाला प्रमाण मानले. म्हणजे नोंदींतील सर्वच विचलने दोष नव्हेत. काही त्या काळच्या उच्चाराचे पुरावेही आहेत. पलटणींच्या नावांचेही तसेच आहे. ‘मराठा’ हा शब्द त्या काळी एच मध्ये घालून व टी द्वित्त करून लिहिला जात असे. आजच्या लेखनाने शोध घेणाऱ्यास जुन्या पलटणी सापडू नयेत, यात आश्चर्य नाही.

नावाची घटनाही विचारात घ्यावी लागते. युरोपीय नोंदपद्धती आडनावावर उभी आहे. मराठी शिपायाची नोंद कधी नाव व आडनाव मिळून, कधी केवळ नावाने होते. केवळ आडनावावर विसंबलेला शोध येथे अपुरा पडतो.

४

यावरून संशोधनाचा क्रम उलट असावा हे निष्पन्न होते. प्रारंभ नावापासून न करता पलटण, स्मारक व मृत्यूचा काळ यांपासून करावा, मिळालेल्या मर्यादित यादीत नावाची संभाव्य रूपे पाहावीत आणि पित्याचे नाव व गाव यांवरून निर्णय घ्यावा. गावाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. नांदगाव नावाची गावे अनेक तालुक्यांत आहेत. शिवाय जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या आहेत : नोंदीतील सातारा जिल्ह्यात तासगाव व वाळवे यांचा समावेश होता, ते आज सांगलीत आहेत, रत्नागिरीतील मालवण १९८१ पासून सिंधुदुर्गात आहे, कुलाब्याचे नाव रायगड झाले आहे. कुतच्या कैद्यांच्या बाबतीत मृत्युदिनांकही काटेकोर मानू नये. कैदेतील मृत्यूची वार्ता फार उशिरा येई आणि काही दिनांक अनुमानाने ठरविले गेले.

एवढे करूनही काही नावे मिळणार नाहीत, आणि त्याचे कारण केवळ लेखनभेद नाही. कमिशनने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार ४५ ते ५४ हजार मृतांचे, मुख्यतः भारतीय व आफ्रिकी सैनिकांचे, स्मारक असमान रीतीने झाले. आणखी किमान १ लाख १६ हजार मृतांचे नावानिशी स्मारक झालेच नाही, किंबहुना त्यांतील काहींचे मुळीच झाले नसावे. कमिशनने त्याबद्दल जाहीर क्षमायाचना केली. तेव्हा अभ्यासकापुढे दोन प्रकारचे मौन उभे असते. एक साम्राज्याच्या अनास्थेचे. त्यात नाव कधी लिहिलेच गेले नाही. दुसरे लिप्यंतराचे, त्यात नाव लिहिलेले आहे, परंतु ते ओळखू येत नाही. पहिल्या मौनावर डेटाबेसपाशी उपाय नाही. दुसऱ्यावर आहे; परंतु तो यंत्रात नसून मराठीच्या ध्वनिव्यवस्थेच्या आणि नामपद्धतीच्या ज्ञानात आहे.

या दोहोंची गल्लत झाल्यास दुहेरी अन्याय घडतो. ज्याची नोंद आहे असा शिपाई अनोंदलेल्यांत गणला जातो आणि ज्यांची नोंद खरोखरच झाली नाही त्यांची संख्या अविश्वसनीय ठरते. म्हणून महायुद्धांतील मराठी मृतांची गावनिहाय यादी करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने प्रत्येक नावापुढे सापडलेले रोमन रूप, संभाव्य देवनागरी रूपे आणि निर्णयाचा आधार हे तीन रकाने ठेवणे अगत्याचे आहे. भाषाशास्त्र आणि इतिहास यांचे सहकार्य येथे सोयीसाठी नव्हे, तर पुराव्याच्या शुद्धतेसाठी आवश्यक आहे.