मुस्लिम महिला कबरीवर जाऊ शकतात का? हाजी अली प्रकरणात काय ठरलं?

शब-ए-बरातच्या रात्री गोंदियापासून मुंबईपर्यंत अनेक मुस्लिम पुरुष आपल्या माणसांच्या कबरींवर फातिहा पढायला जातात. बऱ्याच घरांतल्या महिला मात्र घरीच दुआ मागतात. हा धर्माचा नियम आहे की रिवाज?

कुराणात महिलांना कब्रस्तानात जाण्यास बंदी घालणारी आयत नाही. वाद आहे तो हदीसवरून, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या नोंदींवरून. तिरमिझींच्या संग्रहातल्या एका हदीसमध्ये कबरींवर जाणाऱ्या महिलांचा धिक्कार आहे. पण तिथला अरबी शब्द आहे ‘झव्वारात’, म्हणजे वारंवार जाणाऱ्या, असं अनेक विद्वान सांगतात. दुसऱ्या हदीसनुसार, आधी सर्वांनाच असलेली मनाई पैगंबरांनी नंतर उठवली, कारण कबर पाहून मृत्यूची आठवण राहते. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा स्वतः भावाच्या कबरीवर गेल्याची नोंदही आहे.

त्यामुळे मतं फुटली. हनफी पंथातल्या अनेकांनी, आक्रोश होणार नसेल तर, परवानगी दिली. शाफई आणि हंबली विद्वानांनी बहुधा ‘मकरूह’, म्हणजे नापसंत, म्हटलं. गंमत म्हणजे दर्ग्यांना मानणाऱ्या बरेलवी परंपरेचे अहमद रझा खान यांनीच महिलांच्या जाण्याला विरोध केला होता. शिया परंपरेत मात्र महिलांची जियारत सर्रास दिसते.

दर्ग्यातली मजारही कबरच. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात महिला पूर्वी मजारीपर्यंत जात होत्या. 2011-12 च्या सुमारास ट्रस्टने ते बंद केलं. पुरुष संताच्या कबरीजवळ महिलांनी जाणं इस्लाममध्ये मोठं पाप आहे, असं ट्रस्टचं म्हणणं होतं. महिलांची सुरक्षितता आणि मजारीवर वाकताना दिसणारे कपडे ही कारणंही पुढे आली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाझ आणि झाकिया सोमण 2014 मध्ये हायकोर्टात गेल्या.

26 ऑगस्ट 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी संविधानाच्या कलम 14, 15 आणि 25 च्या विरोधात ठरवली. बंदी हा इस्लामचा अत्यावश्यक भाग असल्याचं ट्रस्टला दाखवता आलं नाही. पूर्वी प्रवेश होता, हा मुद्दा इथे निर्णायक ठरला. ट्रस्ट सुप्रीम कोर्टात गेला, पण ऑक्टोबरमध्ये प्रवेश द्यायला तयार झाला. 29 नोव्हेंबर 2016 रोजी महिला पुन्हा मजारीपर्यंत पोहोचल्या.

हा निकाल दर्ग्याबद्दलचा होता. गावोगावच्या कब्रस्तानांबद्दल त्यात आदेश नाही. तिथे आजही स्थानिक मौलवी, कमिटी आणि घरातली माणसं काय म्हणतात, यावरच बरंचसं ठरतं.